क्रियाप्रधान खेळाडू आणि निवडप्रधान कथाखेळ : 'द वॉकिंग डेड'च्या अनुभवाचे विवेचन

प्रस्तावना

संगणकीय खेळांविषयी आपल्या महाविद्यालयीन वर्तुळात जी चर्चा होते ती बहुधा व्यसन, वेळेचा अपव्यय आणि डोळ्यांचे विकार यांभोवतीच फिरते. ही चर्चा निरर्थक आहे असे नव्हे. परंतु ज्या विद्यार्थ्यांना आपण कथा, कादंबरी व नाटक शिकवितो, त्यांतील अनेकांचा कथेशी येणारा रोजचा संबंध खेळाच्या पडद्यावरून येतो, ही वस्तुस्थिती त्या चर्चेतून निसटते. प्रस्तुत लेखात 'द वॉकिंग डेड' या २०१२ सालच्या कथाखेळाचे विवेचन करावयाचे आहे. ते तटस्थ समीक्षकाच्या भूमिकेतून केलेले नाही. ज्याची घडण सर्वस्वी वेगळ्या जातीच्या खेळांवर झाली अशा एका खेळाडूच्या अनुभवातून केले आहे. तो खेळाडू म्हणजे प्रस्तुत लेखकच होय; म्हणून यापुढे प्रथमपुरुषी निवेदनाची मुभा घेतो.

या खेळात खेळाडूला पदोपदी निवड करावी लागते, आणि तरीही कथेतील प्रमुख घटना त्याच्या निवडीने फारशा बदलत नाहीत. मग जेथे फलावर अधिकार नाही तेथे 'निवड' या शब्दाला अर्थ तो काय उरतो, हा या लेखापुढील प्रश्न आहे. त्याचे उत्तर मला खेळाच्या रचनेत जेवढे सापडले त्याहून अधिक, खेळाविषयी बोलताना मी स्वतः वापरलेल्या मराठी क्रियापदांत सापडले.

बोटांचे शिक्षण

माझे पदवीचे शिक्षण २००५ ते २००८ या काळात झाले. वसतिगृहाजवळच्या एका सायबर कॅफेत शनिवारी रात्री सहा-सात जण एकमेकांना जोडलेल्या संगणकांवर 'काउंटर-स्ट्राइक' खेळत असू. एकट्याने खेळावयाचे तर 'प्रोजेक्ट आय.जी.आय.' (२०००) किंवा 'मॅक्स पेन' (२००१). ज्यांना बोलीत 'अ‍ॅक्शन गेम' म्हणतात, त्या या जातीला येथे क्रियाप्रधान खेळ म्हटले आहे. त्यांत कौशल्य हेच सर्वस्व असते. नेम अचूक असेल, नकाशा पाठ असेल आणि बोट वेळेवर पडले तर जय, नाहीतर मृत्यू. हा मृत्यूही फार स्वस्त. 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये मेलेला खेळाडू डाव संपेपर्यंत प्रेक्षक होऊन बसतो आणि पुढील डावात पुन्हा उभा राहतो. 'मॅक्स पेन'मध्ये एक कळ दाबून त्या क्षणाची नोंद करून ठेवता येते, आणि मेल्यास दुसरी कळ दाबून त्याच क्षणी परतता येते. 'आय.जी.आय.'मध्ये मात्र मोहिमेच्या मध्ये अशी नोंद करण्याची सोयच नव्हती. अर्ध्या तासाच्या मोहिमेच्या अखेरच्या दारात गोळी लागली की पुन्हा पहिल्या कुंपणापासून सुरुवात. या एका कारणासाठी आमच्यात त्या खेळाचा दरारा होता, हे येथे मुद्दाम नमूद करतो. परत न फिरता येण्याची किंमत आम्हांलाही थोडी ठाऊक होती.

या खेळांनी दोन सवयी अंगात भिनविल्या. पहिली, दिसेल ती वस्तू उचलणे. जमिनीवरील काडतुसे, औषधांची पेटी, पाकिटे ही कोणाची असतात हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. ती खेळाडूसाठीच ठेवलेली असतात. दुसरी सवय भाषेची. 'मी मेलो' हे वाक्य त्या कॅफेत एका रात्रीत शेकडो वेळा उच्चारले जाई, तेही हसत हसत. 'माझे पात्र मेले' असे कोणी कधीही म्हटल्याचे मला आठवत नाही. खेळाडू आणि पात्र यांच्यात तेथे अंतर नव्हते, कारण पात्राला स्वतःचे असे काही नव्हतेच.

कथा आणि तिची यंत्रणा

२०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन तासिकांच्या काळात तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने मला 'द वॉकिंग डेड' सुचविला. "सर, यात नायक तुमच्यासारखा प्राध्यापक आहे," एवढीच त्याची शिफारस. हा खेळ कॅलिफोर्नियातील टेलटेल गेम्स या कंपनीने एप्रिल ते नोव्हेंबर २०१२ या काळात पाच भागांत प्रसिद्ध केला. रॉबर्ट कर्कमन यांच्या २००३ पासून निघू लागलेल्या चित्रकथामालिकेचे जग त्याने घेतले, परंतु प्रमुख पात्रे नवी निर्माण केली. मृत माणसे उठून जिवंतांना खाऊ लागली आहेत आणि समाजव्यवस्था कोसळली आहे, ही पार्श्वभूमी.

नायक ली एव्हरेट हा अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात विद्यापीठात इतिहास शिकविणारा मनुष्य. पत्नीबरोबर आढळलेल्या एका राजकीय पुढाऱ्याचा त्याच्या हातून खून झाला आहे, आणि खेळ सुरू होतो तेव्हा हातकड्या घातलेल्या अवस्थेत तो पोलिसांच्या गाडीत मागे बसलेला असतो. गाडीला अपघात होतो. जवळच्या घरात त्याला क्लेमेंटाइन ही आठ वर्षांची मुलगी भेटते. तिचे आईवडील परगावी गेलेले, सांभाळणारी बाई मेलेली. पुढील पाचही भाग या मुलीला जगविण्याचे आहेत.

खेळण्याची रीत साधी आहे. संभाषणात पडद्यावर बहुधा चार पर्याय येतात आणि त्यांच्याखाली एक पट्टी आक्रसत जाते. ती संपण्यापूर्वी निवडावे लागते. न निवडल्यास तेही उत्तर धरले जाते; ली गप्प राहिला अशी त्याची नोंद होते. निवड होताच वरच्या कोपऱ्यात एक बारीक सूचना उमटते, की अमुक व्यक्ती हे लक्षात ठेवील. मध्येच काही ठिकाणी झटापटीचे प्रसंग येतात. तेथे सांगितलेली कळ झपाट्याने दाबावयाची असते.

या झटापटींत माझी बोटे सुखावली, हे कबूल करावयास हवे. पण थोड्याच वेळात एक उलटापालट लक्षात आली. झटापटीत चूक झाली तर ली मरतो, पडदा काळा होतो आणि दोन क्षणांत तोच प्रसंग पुन्हा सुरू होतो. त्या मृत्यूची कथेत कोठेही नोंद राहत नाही. याउलट संभाषणात उच्चारलेले एक वाक्य मात्र नोंदले जाते आणि कथा त्याला धरून पुढे चालू लागते. ज्या खेळांवर मी वाढलो तेथे गोळीला किंमत होती आणि बोलणे हे दोन गोळीबारांमधील भरताड होते. येथे शरीराचा मृत्यू फुकट आणि शब्दाला मात्र मोल.

भ्रमनिरास

पहिल्याच भागात एका शेतावर शॉन हा तरुण ट्रॅक्टरखाली अडकतो आणि त्याच वेळी डक नावाच्या लहान मुलाला मृतांनी धरलेले असते. कोणाकडे धावावयाचे ते काही क्षणांत ठरवावे लागते. मी डककडे धावलो, शॉन मेला. माझी जुनी सवय जागी झाली. मी तो प्रसंग पुन्हा काढला आणि शॉनकडे धावलो. डकला त्याच्या वडिलांनी वाचविले, आणि शॉन पुन्हा मेला. तिसऱ्यांदा अधिक वेगाने कळा दाबून पाहिल्या. काही उपयोग झाला नाही. तेथे कौशल्याला वावच ठेवलेला नव्हता.

मला फसवणूक झाल्यासारखे वाटले. पुढे हे अधिकच वाढले. पहिल्या भागाच्या अखेरीस कार्ली आणि डग या दोघांपैकी एकालाच वाचविता येते. परंतु ज्याला वाचवावे तेही माणूस तिसऱ्या भागात मारले जाते. दुसऱ्या भागात एका मांसगृहात लॅरी हा हृदयविकारी वृद्ध कोसळतो. त्याला शुद्धीवर आणण्याचा प्रयत्न करावयाचा, की तो मृत होऊन उठण्याआधी त्याचे डोके फोडणाऱ्या केनीला साथ द्यावयाची, हा पर्याय खेळाडूपुढे येतो. काहीही निवडले तरी केनी त्याचे डोके फोडतोच.

असे का केले जाते याचे उत्तर गणितात आहे. प्रत्येक वळणावर दोन वाटा फुटल्या आणि त्या कधीच एकत्र आल्या नाहीत, तर दहा वळणांनंतर १,०२४ निरनिराळे शेवट लिहावे लागतील. वीस वळणांनंतर दहा लाखांहून अधिक. छापील पुस्तकात, उदाहरणार्थ १९७९ पासून निघालेल्या 'चूज युअर ओन अ‍ॅडव्हेंचर' या बालवाचकांच्या मालिकेत, लहान लहान शेवट देऊन हे निभावता आले. जेथे प्रत्येक वाक्य नटाच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावयाचे आणि प्रत्येक हालचाल चित्रित करावयाची, तेथे ते केवळ अशक्य. म्हणून वाटा फुटतात आणि थोड्या अंतरावर पुन्हा एका अरुंद खिंडीत आणून सोडल्या जातात. वाचलेली कार्ली किंवा वाचलेला डग सांभाळणे म्हणजे पुढील प्रत्येक प्रसंग दोनदा लिहिणे. तिसऱ्या भागातील तो मृत्यू कथेची गरज जेवढा आहे तेवढीच निर्मितीच्या खर्चाचीही.

जॅनेट मरे यांनी 'हॅम्लेट ऑन द होलोडेक' (१९९७) या ग्रंथात अशा माध्यमांतील कर्तेपणाचा विचार मांडला. अर्थपूर्ण कृती करता येणे आणि तिचा परिणाम डोळ्यांपुढे घडताना पाहणे, यांत खेळाडूचे समाधान आहे, असा त्याचा आशय. या कसोटीला 'द वॉकिंग डेड' उतरत नाही, असे माझे त्या वेळचे मत होते. काही अंशी ते आजही आहे. 'हे लक्षात ठेवील' ही सूचना अनेकदा नुसताच धाक घालते. पुढे त्या लक्षात ठेवण्याचे काहीच होत नाही. चौथ्या भागात तर निवडी इतक्या सैल आहेत की तो मी जवळजवळ यांत्रिकपणे संपविला.

परंतु मी खेळ सोडला नाही, आणि तिसऱ्या भागानंतर प्रसंग पुन्हा काढून पाहणेही आपोआप थांबले. त्याचे कारण मला पाचव्या भागापर्यंत कळले नव्हते.

बेवारस गाडी

दुसऱ्या भागाच्या अखेरीस उपाशी असलेल्या या गटाला रानात एक गाडी आढळते. दिवे चालू, दार उघडे, आत अन्नाचा साठा. मालक दिसत नाही. क्लेमेंटाइन म्हणते की हे आपले नाही, कोणाचे तरी असेल. घ्यावे की न घ्यावे हे खेळाडूला विचारले जाते. मी घेतले. त्यासाठी पट्टीचा अर्धा वेळही लागला नाही. येथे मी नैतिक निर्णय घेतलाच नव्हता, हे सांगणे आवश्यक आहे. वाटेत पडलेली वस्तू उचलावयाची असते, हे माझ्या बोटांना पंधरा वर्षांपासून ठाऊक होते.

पाचव्या भागात, सव्हाना शहरातील एका हॉटेलच्या खोलीत, ज्याने क्लेमेंटाइनला पळवून नेले तो अनोळखी माणूस लीसमोर बसतो. त्या गाडीचा मालक तोच. अन्न गेल्यानंतर त्याचे कुटुंब उद्ध्वस्त झाले. बिनतारी यंत्रावरून क्लेमेंटाइनशी बोलून त्याने या गटाची सारी हकिकत मिळविलेली असते, आणि आता तो एकेक प्रसंग काढून लीला जाब विचारतो. त्यातील प्रश्न प्रत्येक खेळाडूगणिक बदलतात, कारण ते त्याने केलेल्या निवडींतून आलेले असतात. मला गाडीतील अन्नाविषयी विचारले गेले. लॅरीविषयी विचारले गेले. ज्यांचा शेवट बदलत नाही म्हणून मी ज्या निवडी पोकळ ठरविल्या होत्या, त्याच येथे एकामागून एक माझ्यापुढे ठेवल्या गेल्या.

माझ्या मते संपूर्ण खेळाची किल्ली या प्रसंगात आहे. आपण अन्न घेतले नसते तरी गटातील इतरांनी ते घेतलेच असते. खेळात तसेच घडते. म्हणजे अनोळखी माणसाचे कुटुंब माझ्या निवडीने वाचणार नव्हते. पण तो 'काय झाले' हे विचारीत नाही. 'तू काय केलेस' हे विचारतो. या दोन प्रश्नांत जे अंतर आहे त्यावर हा खेळ उभा आहे. क्रियाप्रधान खेळ केवळ पहिला प्रश्न विचारतो, म्हणून तेथे परत फिरण्याची कळ असते. दुसऱ्या प्रश्नाला अशी कळ नाही. यंत्रात ती आहे. पण ती दाबून उत्तर बदलले तरी पहिले उत्तर आपण दिले होते हे आपल्याला ठाऊक असते. शॉनच्या बाबतीत मी तीन वेळा कळ दाबली ती शॉनसाठी. पुढे ती थांबली, कारण हळूहळू मला साक्षीदार मिळाला होता. क्लेमेंटाइन प्रत्येक प्रसंगी तेथे उभी असे.

येथे थोडे विषयांतर करतो. काही वर्षांपूर्वी एका परीक्षा केंद्रावर मी पर्यवेक्षक होतो. एका विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेखाली मला कागद दिसला. त्याला उठविले असते तर त्याचे वर्ष गेले असते. त्याच्या घरची स्थिती मला ठाऊक होती. मी काही ठरविले असे म्हणता येणार नाही. मी दोन क्षण थांबलो आणि पुढच्या बाकाकडे गेलो. मागील बाकावरील मुलीने ते पाहिले होते. पुढील वर्षभर ती माझ्या वर्गात बसत होती आणि कधीही तिने एक शंका विचारली नाही. तिच्या अबोल्याचे कारण तेच होते का, हे मला आजही सांगता येणार नाही. परंतु गप्प राहणे हे चार पर्यायांपैकीच एक असते, आणि तेही कोणीतरी नोंदून घेते, हे पडद्यावर पाहिले तेव्हा मला प्रथम आठवली ती मुलगी.

क्रियापदांची साक्ष

आता भाषेच्या मुद्द्याकडे वळतो. खेळत असताना मी रोज रात्री पत्नीला कथेचा पुढील भाग सांगत असे. तिला खेळांत रस नाही, कथेत होता. काही दिवसांनी तिनेच माझ्या लक्षात आणून दिले की मी सांगताना एकसारखा बोलत नाही.

मराठीत कृतीचे कर्तेपण किती आपल्याकडे घ्यावयाचे याच्या पायऱ्या आहेत. 'मी त्याला सोडले', 'मला त्याला सोडावे लागले', 'माझ्याकडून तो सुटला'. घटना एकच, पहिल्या वाक्यात कर्ता पूर्ण उभा आहे, दुसऱ्यात तो परिस्थितीपुढे वाकला आहे, तिसऱ्यात तो जवळजवळ साधन झाला आहे. पाणिनीने कर्त्याची ओळख 'स्वतंत्र' या शब्दाने करून दिली. आपली बोली त्या स्वातंत्र्याच्या छटा प्रत्ययांनी आणि साहाय्यक क्रियापदांनी मोजते. कॅफेतील आमच्या भाषेत केवळ पहिली पायरी होती. 'मी मारला', 'मी मेलो'. हरलो तरी वाक्य कर्तरीच.

'द वॉकिंग डेड'विषयी बोलताना माझी वाक्ये तिन्ही पायऱ्यांवर हिंडत होती, आणि त्यांत एक नियम दिसला. झटापटीविषयी मी 'ली पडला', 'ली मेला' असे म्हणे. जेथे खरोखर माझे बोट चुकले होते तेथे मी पात्राचे नाव पुढे करीत होतो. संभाषणाविषयी मात्र 'मी खोटे बोललो', 'मी तिला केस कापावयास लावले', 'मी तिला बंदूक धरावयास शिकविले' अशी वाक्ये येत. आणि लॅरीच्या प्रसंगाविषयी, जेथे माझ्या निवडीने काहीच बदलणार नव्हते, मी म्हणालो होतो, "मला केनीला साथ द्यावी लागली." त्यावर पत्नीने विचारले, "लावली कोणी?" मला उत्तर देता आले नाही, कारण खेळाने तेथे दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या होत्या.

ज्या घटनेवर आपली सत्ता नाही तिच्या बाबतीत मनुष्य स्वतःला निर्दोष समजेल, अशी सामान्य अपेक्षा असते. भाषेची साक्ष वेगळी आहे. 'लागले' हे क्रियापद निर्दोष माणूस वापरीत नाही. आरोप झाल्याची जाणीव ज्याला आहे तोच ते वापरतो. मरे यांची कसोटी परिणामाकडे पाहणारी आहे; तिच्याने हा अनुभव मोजला जात नाही, कारण येथे निवडीचा परिणाम कथेवर न होता निवडणाऱ्याच्या सांगण्यावर झाला. दैव आणि पुरुषकार यांचा आपल्या परंपरेतील जुना वाद बहुधा याच जागी घोटाळतो. शेवट ठरलेला आहे एवढ्याने कर्त्याची सुटका होत नाही, हे आपली आख्याने वारंवार दाखवितात.

हा एका व्यक्तीचा अनुभव आहे आणि त्यावरून सर्व खेळाडूंविषयी विधान करता येणार नाही. तथापि, भाषाविषयाच्या अध्यापकाला येथे एक सोपा आणि बिनखर्चाचा प्रयोग उपलब्ध आहे. विद्यार्थ्याला खेळाचा सारांश लिहावयास न सांगता, त्याने काय केले ते तोंडी सांगावयास सांगावे आणि क्रियापदे टिपून घ्यावीत.

खेळाच्या अखेरीस मृताचा चावा बसलेला ली एका दुकानात भिंतीशी टेकून बसलेला असतो. तो स्वतः मृत होऊन उठण्याआधी क्लेमेंटाइनने त्याला हातकडी घालून जखडावयाचे असते. पहिल्या दृश्यातील हातकडी अशी परत येते. मग शेवटची निवड. तिने गोळी झाडावी असे सांगावयाचे, की तसेच सोडून जा असे. मी तिला जावयास सांगितले.

तासिका पुन्हा वर्गात सुरू झाल्यावर तो विद्यार्थी भेटला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "सर, शेवटी तुम्ही काय केलंत?" मी सांगितले की त्या वयाच्या मुलीच्या हातून मला ते करून घ्यावयाचे नव्हते. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी तिला गोळी झाडायला सांगितली, सर. ली उठून तसाच तडफडत राहिला असता. पण तिला मीच सांगितलं."